आग्या मिस्त्री ओरडायचा थांबला

बरेच दिवस मुक्काम ठोकून बसलेलं ओलं धुकं त्या सकाळी एकदाचं उठलं. कोरडा वारा सुटला आणि लख्ख ऊन पडलं. इतके दिवस घरोघरची दारं फुगून चौकटीत अडकत होती, बरणीतल्या मिठाचा गोळा झाला होता, धुतलेले कपडे वाळता वाळत नव्हते. आता गल्लीतल्या बायकांनी गाद्या-उशा बाहेर काढल्या आणि मिस्त्रीच्या शेडमध्ये लाकूड बोलायला लागलं. ओल पिऊन बसलेलं लाकूड ऊन लागलं की अंग चोरतं, आणि चोरताना कुरकुरतं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नव्या शिड्यांतून मधूनच टक् असा आवाज येत होता.

शेड घराच्या मागच्या अंगाला होती. वर पत्रा, खाली भुशाचा मऊ थर, एका बाजूला फळ्यांची थप्पी. तिथे फक्त शिड्या व्हायच्या. रंगाऱ्यांच्या, वायरमनच्या, दुकानांच्या फडताळांना लावायच्या. मिस्त्री रंधा मारत होता. त्याचा धाकटा भाऊ दांड्यांना खाचा पाडत होता. मिस्त्रीची बायको तयार शिड्यांना फडक्याने जवसाचं तेल चोळत होती. तिघं कामात होती आणि तिघांत मिळून एक शब्द नव्हता.

वर्षभरापूर्वी याच वेळेला त्या शेडमधून असा आवाज यायचा की पलीकडच्या घरातलं झोपलेलं पोर दचकून उठायचं. गल्लीत त्याला सगळे आग्या मिस्त्री म्हणत. आग्या मोहोळाला जसा नुसता धक्का पुरतो, तसा त्याला वाकडा खिळा पुरायचा. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि नाकही काही लहान नव्हतं. एकदा एका दुकानदाराने शिडी आडवी टाकून तिचं बाकडं केलेलं त्याला दिसलं. भर रस्त्यात त्याने बसलेल्या गिऱ्हाइकांना उठवलं आणि शिडी खांद्यावर टाकून घरी घेऊन आला. दुकानदार चार दिवस मनधरणी करत होता.

तो म्हणायचा, खुर्ची मोडली तर माणसं हसतात, शिडी मोडली तर रडतात. म्हणून शिडीची एक पायरी कलली तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. धाकट्याने शिडी जोडली की ती मागच्या भिंतीला लावायची, असा रिवाज होता. मिस्त्री येता-जाता तिच्यावरून नजर फिरवायचा, बोटाच्या पेरांनी दोन-चार पायऱ्या ठोकायचा. वाईट असली तर घर डोक्यावर घ्यायचा. चांगली असली तर काही बोलायचा नाही. शाबासकी हा शब्द त्याने जन्मात उच्चारला नव्हता. त्यामुळे सगळ्यांना एक हिशेब पाठ झाला होता. ओरडला नाही म्हणजे पास. तो न ओरडता पुढे गेला की धाकटा शिडी उचलायचा, वहिनी तेल लावायची, आणि शिडी पुढच्या दाराला विकायला उभी राहायची.

मग फळ्यांची थप्पी घसरली. वरची जाड फळी थेट त्याच्या कपाळावर आली. बरेच दिवस तो दवाखान्यात कोणालाही न ओळखता पडून होता. शुद्धीवर आला, हळूहळू उठला, चालला. कपाळापासून केसांत शिरलेली शिवण सोडली तर माणूस अखंड घरी आला. माणसं ओळखत होता, हात थरथरत नव्हते, रंधा हातात घेतला तर कागदासारखी पातळ साल निघत होती. फक्त राग गेला होता.

भेटायला येणाऱ्यांना तो देवाचा प्रसादच वाटला. थोरल्या वन्सं, म्हणजे मिस्त्रीची बहीण, भावजयीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, की जीव वाचला, वर स्वभाव सुधारला, सोन्याहून पिवळं झालं. शेजारीण म्हणाली, की आमच्या ह्यांच्याही डोक्यात एखादी फळी पडली तर बरं. सगळ्या हसल्या. मिस्त्रीची बायकोही हसली.

तिला पहिले काही दिवस खरंच बरं वाटलं. भाजी खारट झाली तरी निमूट खायचा. उशीर झाला तरी काही नाही. कुठल्याही गोष्टीला एकच उत्तर, “चालेल.” हा शब्द तिने लग्न झाल्यापासून त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. त्याचं कधी काही चालायचंच नाही. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की रागाबरोबर दुसरंही बरंच सामान गेलंय. थोरल्या वन्सं त्याला बघून हमसून रडल्या तेव्हा त्याने त्यांना विचारलं, “जेवलीस का?” मुलीचा फोन आला, तिला दिवस गेलेत, तो आजोबा होणार. “बरं,” म्हणाला आणि फोन तिच्या हातात दिला. पूर्वीचा असता तर आधी मुलीला ओरडला असता, की इतके दिवस सांगितलं का नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता पाळण्याला लाकूड निवडायला बसला असता.

भांडणाचंही त्यांचं एक ठरलेलं होतं. मिस्त्री तोंड सोडायचा, तीही कमी नव्हती, ती दुप्पट सुनवायची. मग तो शेडमध्ये निघून जायचा. सकाळी ती स्वयंपाकघरात यायची तेव्हा तिच्या सुरीला धार लावलेली असायची. माफी मागितली असं नाही, चुकलो म्हटलं असं नाही. सुरी कांद्यातून पाण्यासारखी जायची, तेवढंच. आता भांडण नव्हतं आणि सुरी बोथट झाली होती. टोमॅटो कापण्याऐवजी चेंगरायचा.

एका संध्याकाळी तिने मुद्दाम कुरापत काढून बघितली. त्याची सगळ्यात जपलेली पटाशी, जिला धाकट्यानेसुद्धा हात लावायचा नाही, ती तिने उचलली आणि त्याच्या समोर बसून तिने तेलाच्या डब्याचं झाकण उचकटायला घेतलं. पात्याचा कोपरा पत्र्यावर करकरला, कचकन एक खाच पडली. ती वाट बघत बसली. भिंती हादरतील अशी शिवी आता येईल. यावी.

“धार जाईल,” तो म्हणाला आणि हातातला चहा प्यायला लागला.

ती उठून आत गेली आणि ओट्याशी उभी राहून रडली. थोड्या वेळाने तो दारात आला.

“रडतेस?”

“हो.”

“का?”

“तुम्ही ओरडला नाहीत म्हणून.”

तो उभा राहिला. एखाद्या फळीचा पीळ बघावा तसा तिच्याकडे बघत राहिला. मग अगदी सरळ, काही मदत हवी का विचारावं तसं त्याने विचारलं, “ओरडू का?”

त्यावर तिला हसूही आलं आणि जास्त रडूही. “नको,” म्हणाली. तो म्हणाला, “तू रडलीस की मी काहीतरी करायला हवं, एवढं कळतं. काय, ते कळत नाही.” आणि गेला. पटाशीला पडलेली खाच तशीच राहिली. तिला धार लावावी असंही त्याला वाटलं नाही.

तर त्या लख्ख उन्हाच्या सकाळी तिघं मुकाट कामात असताना गल्लीच्या तोंडाशीच आरडाओरडा ऐकू आला. रंगारी होता, त्यांचं जुनं गिऱ्हाईक. खांद्यावर शिडी, तळहाताला फडकं गुंडाळलेलं. आग्या मिस्त्रीकडे तक्रार न्यायची तर आधी आपला आवाज तापवून न्यावा लागतो, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने रस्त्यातूनच सुरुवात केली होती. पायरी पायाखालून गर्रकन फिरली, खिडकीचा गज हाताला लागला म्हणून वाचलो, नाहीतर आज माझ्या बायकोने मला पाहिलं असतं ते चादरीखाली. मिस्त्री, वय झालं तुमचं, दुकान बंद करा आणि नातवंडं खेळवा. असं बरंच. बोलून झाल्यावर तो दोन पावलं मागे सरकून उभा राहिला, समोरून येणारं झेलायच्या तयारीने.

समोरून काहीच आलं नाही. भिंतीवर चेंडू मारावा आणि तो परतच येऊ नये, तसं त्याचं झालं.

मिस्त्रीने शिडी मांडीवर आडवी घेतली. ती पायरी दोन बोटांनी धरून फिरवली. ती बाटलीच्या बुचासारखी फिरली. पायरीचं टोक, ज्याला कुसू म्हणतात, ते दांड्याच्या खाचेतून त्याने ओढून बाहेर काढलं.

“कुसू आखूड आहे,” तो म्हणाला. “लाकूडही पुरतं वाळलेलं नव्हतं. धुक्यात फुगून घट्ट बसलं. ऊन लागलं, सुटलं.”

“हे आता कळतंय होय?” रंगारी म्हणाला.

“नाही. तेव्हाच दिसलं होतं.”

तेलाचं फडकं चालायचं थांबलं. बायको जागची उठली.

“तुम्हाला दिसलं होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

त्याला ह्या प्रश्नाचा विचार करावा लागला. खोटं बोलायला किंवा स्वतःला वाचवायला नाही. खरं काय ते शोधायला.

“दिसलं,” तो म्हणाला. “पण टोचलं नाही.”

शेडच्या कोपऱ्यात धाकट्याने हातोडा खाली ठेवला. पोटापाण्याला लागलेला, दोन मुलांचा बाप असलेला माणूस, पण आवाज लहान भावाचाच निघाला. “तू ओरडला नाहीस, दादा.” आणि मग वहिनीकडे वळून म्हणाला, “मी आजवर डोळ्यांनी काम केलंच नाही, वहिनी. कानांनी केलं.”

खरं होतं. दादा गप्प आहे म्हणजे सगळं बरोबर आहे, असं धरून तो आधी वाळलेल्या लाकडाबाबत थोडा ढिला पडला, मग कुसवांबाबत, मग पाचरींबाबत. आळशी म्हणून नाही. रस्त्याच्या कडेची भिंत काढून टाकली की गाडी आपोआप कडेला जाते, तसा. आणि मिस्त्री घरी परतल्यापासून अशा किती शिड्या पुढच्या दारातून गेल्या होत्या, धुक्यात घट्ट बसलेल्या. आता सगळीकडे ऊन पडलं होतं.

रंगाऱ्याला दुसरी, जुन्या मालातली शिडी देऊन पाठवलं. तो जाताना वहिनीच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, की मला शिव्या चालल्या असत्या.

धाकट्याने त्याच दुपारी वहिनीजवळ मन मोकळं केलं. म्हणाला, दादाला घरी बसवू. शिड्या बंद करू, स्टुलं करू. स्टुलावरून पडला तर माणूस वीतभर पडतो. तो वाईट बोलत नव्हता, घाबरून बोलत होता. तिलाही भीती होतीच. तिला डोळ्यांपुढे दुसऱ्याचीच एखादी बायको दिसत होती, चादर बाजूला करणारी. पण ती नवऱ्याच्या हातांकडे बघत होती. तो रंधा मारत होता. मनगटाची तीच लय, शेवटी तोच हलका झटका. पूर्वीच्या माणसाचं तेवढंच उरलं होतं तिच्याकडे. तेही काढून खुर्चीवर बसवलं, तर खुर्चीत बसलेला तो कोण असणार होता?

ती त्याला घेऊन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, की राग गेला म्हणजे बरं झालं असं समजू नका, कपाळामागच्या भागाला मार आहे. पण पाहुण्यांच्या अभिनंदनात ते कोणाच्या कानात राहिलं नव्हतं. बाईंनी मिस्त्रीला विचारलं, की नेमकं कसं वाटतं. तो म्हणाला, हात अंगाखाली येऊन बधिर होतो ना, तसं. चिमटा काढला तर कळतं, दुखत नाही.

बाई म्हणाल्या, काही परत येईल, काही येणारही नाही, मी वचन देणार नाही. मग बायकोकडे वळून म्हणाल्या, “चटका बसला की आपण आधी हात मागे घेतो, मग विचार करतो. यांना आता विचार करून हात मागे घ्यावा लागेल. वाटण्याची वाट बघू नका. दिसलं की बोलायचं, असा नियम करा.”

“नियम चालेल,” मिस्त्री म्हणाला.

आधी गेलेल्या शिड्या परत आणायच्या होत्या. हातगाडी घेऊन तिघं निघाली. कोणी पटकन दिली, कोणाला वाटलं हे काहीतरी नवीनच खूळ. ग्रंथालयातल्या म्हाताऱ्या ग्रंथपालाने तर साफ नाही म्हटलं. शिडी उत्तम आहे, रोज चढतो, माझं वजन ते काय, आणि आग्या मिस्त्रीची शिडी कधी वाईट असते का? धाकटा अजीजी करून थकला. मग मिस्त्री पुढे झाला. पूर्वी त्याने म्हाताऱ्याला असा काही झापला असता की त्यानेही तेवढंच सुनावलं असतं आणि शिडी तिथेच राहिली असती. आता तो शांतपणे, वेळ सांगावी तसं म्हणाला, “तुम्ही पडाल. आज नाही तर उद्या.”  ग्रंथपालाने स्वतःच शिडी उचलून दिली. गाडीवर ठेवताना तो वहिनीला म्हणाला, की ह्यांचा पूर्वीचा आवाजच बरा होता हो, त्याने निदान इतकं गार पडायला होत नव्हतं.

आणलेल्या शिड्या अंगणात सुट्या केल्या आणि पुन्हा जोडायला घेतल्या. नियम सुरू झाला. मिस्त्री प्रत्येक पायरीला हात लावायचा आणि दिसेल ते मोठ्याने म्हणायचा. दुसरी पायरी, कुसू आखूड. तिसरी, ठीक. चौथी, पाचर तिरकी. एकही चूक त्याच्या नजरेतून सुटत नव्हती. पण आता वेगळीच अडचण आली. ते धाकट्याच्या कानात शिरेना. ज्या कानाला जन्मभर ढोल ऐकायची सवय, त्याला कुजबुज काय कळणार? “हो दादा, बघतो,” म्हणायचा, आणि पुढच्या शिडीत तेच. वहिनीला म्हणाला, दादा बातम्या वाचल्यासारखं बोलतो, बातम्या ऐकून कोण सुधारतो?

अशाच एका सकाळी ती तेलाचं फडकं घेऊन आली, तर मिस्त्री एका पायरीशी उभा होता.

“पाचर तिरकी आहे,” तो म्हणाला.

“बरं,” धाकटा म्हणाला आणि पुढची खाच पाडायला लागला.

मिस्त्री बायकोकडे वळला. “इथे मी ओरडलो असतो.”

“मग ओरडा की.”

त्याने तोंड उघडलं. थोडा वेळ उघडंच ठेवलं. मग मिटलं.

“येत नाही. तू ओरड.”

ती थबकली. भावजींना तिने कधी अरे-तुरे केलं नव्हतं. पण तिला ते सगळं तोंडपाठ होतं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ऐकत आली होती, चहा गाळताना, कपडे वाळत घालताना. तिने फडकं खाली टाकलं, कंबर खोचली आणि तोंड उघडलं.

“अरे ए आंधळ्या. डोळे काय खुंटीला टांगून आलास? ही पाचर आहे की तुझी अक्कल? दोन्ही तिरक्या. उद्या ह्यावर चढून कोणी मेलं तर त्याच्या पोरांना तू बाप आणून देणार आहेस? काढ ती. काढ म्हणते ना.”

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. शेजारीण गच्चीवरून वाकली. धाकट्याचे कान लाल झाले होते. त्याने पाचर उपटली, नवी तासली, सरळ ठोकली, आणि मान वर केली तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. आवाज वहिनीचा होता, पण शब्द दादाचे होते, आणि ते त्याने फार दिवसांत ऐकले नव्हते.

मिस्त्री मान कलती करून सगळं ऐकत होता, शिडीची पायरी ठोकून ऐकावी तसं.

“अक्कल म्हणायच्या आधी मी हातोडा आपटायचो,” तो म्हणाला.

“उद्या आपटेन,” ती म्हणाली. तिला धाप लागली होती. आणि मग तिच्याही डोळ्यांना धार लागली. इतकी वर्षं ज्याला ती तोंडासमोर शिव्या देत होती तो राग आज तिच्या घशात येऊन गेला होता, आणि आतून तो कसा असतो ते तिला पहिल्यांदा कळलं होतं. त्यात भीतीच जास्त होती. कोणीतरी पडेल याची.

“रडतेस?” त्याने विचारलं.

“नाही. तेल गेलं डोळ्यात.”

तो जवळ आला, निरखून बघितलं. “तेल नाही,” म्हणाला.

मग तो इकडेतिकडे बघत उभा राहिला. काहीतरी करायला हवं, एवढं त्याला कळत होतं. त्याची नजर शेडभर फिरली आणि अवजारांच्या फळीवरच्या पटाशीवर थांबली. त्याने ती उचलली, पात्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. “खाच आहे,” तो मोठ्याने म्हणाला, नियमाप्रमाणे. धारेच्या दगडावर पाणी शिंपडून तो खाली बसला आणि घासायला लागला.

ती घरात गेली. परत आली ती सुरी घेऊन, आणि तिने ती त्याच्या शेजारी दगडावर ठेवली.

“ही पण,” ती म्हणाली.

त्याने तिची धार बघितली. “बोथट आहे.”

“माहितीये.”

तिने फडकं उचललं, तेलात बुडवलं आणि नव्या शिडीच्या खालच्या पायरीपासून चोळायला सुरुवात केली.